डॉक्टरांची अर्धी बाही

आमच्या अमडापुरात एक डॉक्टर होते. त्यांच्या सदऱ्याला दीड बाही असायची. उजवी मनगटापर्यंत, नीट गुंडी लावलेली, आणि डावी कोपराच्या वर कापलेली. हिवाळ्यात लोकरीचा कोट घालायचे, त्याचीही तीच गत. पहिल्यांदा हे माप सांगितलं तेव्हा दरजी फीत गळ्यात टाकून नुसता उभा राहिला म्हणे.

"डाक्टरसाहेब, कपडा कमी पडला काय?"

"नाई."

"मंग घरात कोनी वारलं?"

"अबे, कोनी नाई वारलं. काप."

दरजीनं कापली. कापलेल्या तुकड्याची घडी करून, पाहुण्याला विडा द्यावा तशी त्यांच्या हातात दिली. डॉक्टर त्या तुकड्यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसत. दरजी हे दुःख पुढं कित्येक वर्षं गावाला सांगत होता. "टाके बरोबर, काज बरोबर, अन हा मानूस तिनं काच पुसते!"

ती बाही का कापलेली, हे गावात ज्याला त्याला माहीत होतं, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं माहीत होतं. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे नागपूरला शिकताना डोक्यावर परिणाम झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेलं. शिकायचं असो, तक्रार करायची असो की डोक्यावर परिणाम व्हायचा असो, तोंड नागपूरकडेच करावं लागे. डॉक्टर मूळचे वडनेर भोलजीचे. नागपुरातून डॉक्टरकी शिकून आले, आणि आमच्या मळ्याच्या बांधाला लागून त्यांनी दवाखाना थाटला. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जो मानूस दिवसभर खोकनाऱ्याच्या तोंडासमोर बसते, त्यानं घरी कोनाच्या तोंडासमोर बसू नाई." गावानं याचा अर्थ काढला की डॉक्टरांना बायकांची भीती वाटते.

बाहीचं खरं कारण मला माहीत होतं, कारण दसऱ्याला त्यांच्याकडे झेंडूची फुलं मीच नेऊन देत असे. दसऱ्याला सारं गाव विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ पुजायचं. डॉक्टर पाटावर सूक्ष्मदर्शक ठेवायचे, शेजारी एक सुई आणि एक बुटकी बाटली. ती बाटली वर्षभर रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे. फुलं वाहून झाली की सुईनं स्वतःच्याच डाव्या हातावर ओरखडा काढायचे आणि बाटलीतला थेंब त्यावर टाकायचे. त्या हातावर मनगटापासून कोपराकडं तपकिरी डागांची रांगच होती. एका दसऱ्याचा एक डाग. ते रोज डोळ्यांसमोर राहावेत म्हणून ती बाही कापलेली.

"हे काय करून राह्यले डॉक्टर?"

"फौजेची हजेरी घेऊन राह्यलो. तू कोनाले सांगजो नको, सरकार म्हनंल यानं फौज ठेवली."

मग नेहमीप्रमाणे त्यांना राहवलं नाही. "पाह्य पोरी, याच्यात क्षयाचा जंतू नाई. मेलेल्या जंतूचा नुसता अर्क हाय. चोर नाई, चोराचं धोतर. ते मी कातडीवर टाकलं. ज्या घरच्या कुत्र्यानं त्या चोराचा वास कधी घेतला असंल, ते कुत्रं दोन-तीन दिवसांत धावत येते. लाल, कडक गाठ उठते. गाठ म्हनजे बिमारी नाई. गाठ म्हनजे कुत्रं जागं हाय."

"अन नाई उठली तं?"

"मंग दोन गोष्टी. एक तं त्या घरी चोर कधी आलाच नाई."

"अन दुसरी?"

"दुसरी तू मोठी झाल्यावर." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातावर सोनं ठेवलं, म्हणजे आपट्याचं पान, आणि मला घालवून दिलं.

या माणसाचं खरं वैर थुंकीशी होतं. बाजाराच्या दिवशी एका हातात चुन्याचा डबा आणि दुसऱ्या हातात चिंधी बांधलेली काठी घेऊन निघायचे. थुंकी दिसली की तिच्याभोवती पांढरं रिंगण. "आत चोर हाय, पाय देऊ नका!" दुपारपर्यंत बाजारात चालायला जागा राहायची नाही. पहिल्या महिन्यात बायका रिंगणाला वळसा घालून जात. दुसऱ्या महिन्यात कोण्या म्हातारीनं एका रिंगणात हळदकुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं. तिसऱ्या महिन्यात बातमी उठली की सरकार घराघराची थुंकी मोजून राह्यलं. झालं! लोक आपल्या दारात थुंकायचं सोडून शेजाऱ्याच्या दारात थुंकू लागले. मोजणी त्याच्या नावावर जावी म्हणून.

डॉक्टरांनी नागपूरच्या कुठल्याशा कचेरीला पत्र लिहिलं की रस्त्यावर थुंकण्याला काही कायदा करा. सव्वा वर्षानं उत्तर आलं. थुंकी नेमकी कोणत्या खात्याकडं येते ते आपणच कळवावं, म्हणजे पुढं विचार करता येईल. डॉक्टरांनी त्या पत्राला चौकट केली आणि दवाखान्यात देवांच्या तसबिरींच्या रांगेत टांगली.

आणि ती काच! क्षय झालेल्या सशाच्या फुप्फुसाचा पापुद्रा, रंग देऊन काचेवर बसवलेला, त्यांनी नागपूरहून आणला होता. दवाखान्यात कोणी पोट दुखतं म्हणून आलं तरी आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा लागे.

"हे एक गाव समजा," असं डॉक्टर सुरू करायचे. "मधात पांढरं दिसते ते मेलेलं, खव्यावानी. भवताली ह्या मोठ्या मोठ्या, त्या खादाड पेशी. दिसंल ते गिळायचं, एवढंच काम. क्षयाचा जंतूही गिळतात. पन पचत नाई ना! तो पोटात जाऊन बसते धोंड्याच्या जावयावानी. खाते, पिते, वाढते, अन जायचं नाव नाई घेत. मंग ह्या काय करतात, एकमेकीले चिकटतात. दहा-वीस मिळून एक राक्षसीन होते. आपल्याच अंगाची भिंत बांधतात अन त्याले आत कोंडतात. तो मरत नाई, ह्या हटत नाईत. वर्षानुवर्षं. तुमच्या-माझ्या छातीत असा एखादा कोंडवाडा हाय, बरं का! गुरं नाई, जंतू कोंडलेला."

"अन ह्या बाहीरच्या बारीक बारीक गोल?"

"त्याइचं इचारू नका. ते कारकून. काय करतात ते भल्याभल्या साहेबाइले माहीत नाई. गिळत नाईत, लढत नाईत, निरा गर्दी करून उभे. हरेक कचेरीत असतात तसे."

आमचे पाटील एकदा बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. डॉक्टरांना वाटलं, चला, एक तरी माणूस शिकला. पाटलांनी डोळा न काढता विचारलं, "याच्यात आमचं घर कोनतं?"

माझी नात आता डॉक्टरकी शिकते. तिला हे सांगितलं तर आधी हसली, मग म्हणाली, "आजी, सगळं त्या कारकुनांच्याच हुकमावर चालतं. त्यांनी हुकूम दिला की खादाड पेशींना पचवायचं बळ येतं. हातावरची गाठसुद्धा तेच उठवतात." म्हणजे घ्या! जन्मभर ज्यांना रिकामटेकडे म्हणून शिव्या घातल्या, तेच दर दसऱ्याला यांच्या हातावर येऊन सही करत होते. डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी कारकुनांची हात जोडून माफी मागितली असती, आणि लगेच नागपूरला पत्र लिहिलं असतं.

माझी माय क्षयानं गेली. आमच्या घरात तसं बोलायचं नसे, 'खोकल्यानं गेली' म्हणायचं. तेव्हा या रोगाला औषध नव्हतं. दूध, अंडी, मोकळी हवा, बस्स. डॉक्टरांनी तिची बाज निंबाखाली टाकायला लावली आणि रोज सकाळी तिच्यासमोर येऊन बसायचे. नातेवाईक बांधापलीकडून विचारपूस करून परत जात, आणि हा माणूस दोन हातांच्या अंतरावर बसून तिला मिरच्यांचं पीक कसं आहे ते सांगायचा. शेवटी शेवटी त्यांनी तिच्या हाताला टोचून पाहिलं. तीन दिवस झाले, गाठ उठली नाही. माझ्या आत्याला कोण आनंद! "कोरा हात! वयनी सुटली!" तिनं मारुतीला नारळ फोडला. प्रसाद घेऊन मी धावत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, खाल्ला नाही.

"त्या दसऱ्याची दुसरी गोष्ट सांगायची राह्यली होती, पोरी," ते म्हणाले. "कुत्रं भुकायचं थांबलं म्हनजे हरेक वेळी चोर गेलाच असं नसते. कधी कधी कुत्रंच थकते. उठत नाई." माय त्याच आठवड्यात गेली.

त्यानंतर डॉक्टरांनी सारं गाव टोचायला घेतलं. कोणाच्या घरात चोर शिरला आहे ते कळलं तर लेकरांना तरी सांभाळता येईल, असा त्यांचा हिशेब. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग एकाएकी गर्दी झाली. अमडापूरचे आले, आसपासचे आले, बैलगाड्या सुटू लागल्या. डॉक्टर हरखले. "विज्ञान आलं राजेहो अमडापुरात!" असं रस्त्यानं ओरडत गेले. दोन महिने त्यांच्या लक्षात आलं नाही की टोचून घ्यायला सगळ्या लग्नाच्या पोरीच येऊन राहिल्या आहेत, आणि सोबत येणारे म्हातारे मुलाकडचे आहेत.

गावानं एवढंच ऐकलं होतं की क्षयाची सुई आहे आणि गाठ उठते. गाठ उठली की पोरगी क्षयी, नाही उठली की पसंत! मुलाला टोचायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पत्रिका बाजूला राहिल्या. बोलणी करायला आलेले लोक गूळपाणी घेऊन झालं की म्हणत, "हात दाखवा." आयाबायांनी तोडगे काढले. कोणी गाठीवर चुना-हळदीचा लेप दिला. एका घरानं तर नवरी म्हणून सहा वर्षांची धाकटी टोचायला पाठवली. त्या सालात आमच्याकडं कोपरापर्यंत बांगड्या भरायची चाल पडली. बाहेरगावचे लोक म्हणायचे, अमडापूरच्या पोरी लय हौशी.

डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी बाटली वाळूत पुरली आणि दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून गावाला बह्याड, म्हणजे खुळं, म्हणाले. गावानं वाईट वाटून घेतलं नाही. पण तोवर मला टोचून झालं होतं, आणि माझी गाठ चांगली टरारून उठली होती. उठायचीच. मायच्या उशाशी वर्षभर मीच होते.

मी सतरा वर्षांची होते. उंद्रीचा एक मुलगा आमच्या मळ्यात मिरचीची रोपं न्यायला आला होता. मॅट्रिक झालेला, तिथल्या शाळेत मास्तर. पहिल्यांदा आला तेव्हा रोपं नेली. मग आणखी तीन वेळा आला, आणि नंतर कळलं की त्यांच्या वावरात मिरची लावतच नव्हते. मला तो आवडला होता. आता सांगायला काय जातं? लय आवडला होता.

त्याला वडील नव्हते. मामांनी वाढवलेला, त्यामुळं शब्द मामांचा. मामा जुने पहिलवान, मिशा ताठ, गळ्यात ताईत. ते मला पाहायला आले, नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं, आणि मग म्हणाले, "बांगड्या वर करा." मी केल्या. डाग होता तिथं होता. मामा उठले. पोहे तसेच राहिले. मुलगा काही बोलायला गेला, तर मामांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. माझा बाबा ताटल्या गोळा करत होता, बाईमाणसासारखा, कारण घरात बाईमाणूस मीच होते आणि मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मामा बैल पाहायला थांबले होते. डॉक्टरांनी त्यांना भर बाजारात गाठलं.

"पोरीले नाई काऊन म्हनलं?"

"डाक्टर, आमच्या सात पिढ्यांत कोनी खोकललं नाई," मामा म्हणाले. एवढं बोलताना त्यांना विडीचा ठसका लागला, पण तो मोजायचा नाही असं बाजारानं ठरवलं.

"मंग तुमच्या हातावरच साक्ष काढू सात पिढ्यांची," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही, मुलगा, मुलाची माय, दोनी चुलते. साऱ्याइले टोचतो. ज्याचा हात कोरा, त्यालेच पोरीले नाई म्हनायचा हक्क. मंजूर?"

शंभर माणूस भोवती जमलेला. मामांना मागं सरकता येईना. "अन तुमचा हात?"

"माझा तं दरसाल बोंबलते. याही वेळी टोचतो. एकाच बाटलीतून, एकाच सुईनं, साऱ्याइच्या समोर."

टोचणं आमच्या अंगणात झालं. सुई दर वेळी दिव्यावर धरायचे, तरी मामांनी आधी आपल्याला टोचा म्हणून हट्ट धरला. मी पाणी द्यायला उभी होते. डॉक्टर वाकले की खोकत होते. हिवाळाभर खोकत होते, म्हणायचे चुन्याची धूळ जाते नाकात. कोट अंगावर लोंबत होता. मागच्या दसऱ्याचा डाग इतरांपेक्षा फिकट होता, तेव्हा म्हणाले होते, बाटली जुनी झाली. नवी बाटली मागवून दोन महिने झाले होते. हे सगळं मला दिसत होतं, पण माझं ध्यान सगळं उंद्रीकडं. सतरा वर्षांच्या पोरीला एका वेळी एकच काळजी करता येते.

तिसऱ्या दिवशी निम्मं गाव आमच्या अंगणात. पाटील खुर्ची घेऊन आले, दरजीही आला. मोठ्या चुलत्यानं बाही वर केली, गाठ. धाकट्या चुलत्याची गाठ. मुलाच्या आईनं पदराआडून हात काढला, गाठ. "अव माय! मले बी?" म्हणून तिनं रडायला सुरुवात केली.

"रडता काऊन, बाई? कोंडवाडा मजबूत हाय तुमचा. ज्याले खेड्यात चार लोकाइत ऱ्हायचं त्याच्या हाताले हे येनारच," डॉक्टर म्हणाले. ते ओसरीच्या कडेला जरा लांब बसले होते, आणि डाव्या हातावर उपरणं टाकलेलं होतं. तो हात झाकलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

मुलाचा हात, गाठ. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि देवाशप्पथ सांगते, तो हसला. मग मामा. मामांनी बाही वर केली आणि बाजारात हशा पिकावा तसा अंगणात पिकला. पहिलवानाच्या हातावर सगळ्यांत मोठी! लाल, टपोरी, लिंबाएवढी.

"आधी तुमचा दाखवा!" मामा गरजले. "उपरनं काऊन टाकलं? काढा!"

डॉक्टरांनी उपरणं काढलं. डागांच्या रांगेच्या शेवटी सुईचा ओरखडा होता, बारीक, वाळलेला. त्याच्याभोवती काहीच नव्हतं. ना लाल, ना कडक. कोरं.

निम्मं गाव पुढं सरकून त्या हातावर वाकलं. आणि मग असा गलका झाला म्हणता! "कोरा! डॉक्टरचा हात कोरा!" पाटील खुर्चीवरून उठले. "पाह्य बे, याले म्हनतात निर्मळ मानूस! तीस वर्सं खोकल्यात बसला अन गाठ नाई." कोणीतरी हार आणला. ज्या दरजीनं जन्मभर त्यांच्या बाहीचं रडगाणं गायलं, तो पाया पडला आणि म्हणाला, आता कळलं साहेब, असा हात झाकायचा नसतेच.

मी हातात तांब्या घेऊन उभी होते. त्याच बाटलीनं पाच जणांच्या गाठी उठल्या होत्या. बाटली जुनी नव्हती. मायचा हात आठवला, मारुतीपुढचा नारळ आठवला. साऱ्या अंगणात मला एकटीला माहीत होतं की हा माणूस चालला. मी तोंड उघडलं.

"पोरी," डॉक्टर चटकन म्हणाले, "पाव्हन्याइले पानी आन."

तांब्या भरलेला होता. त्यांनाही दिसत होता. ते माझ्याकडं पाहत राहिले. मी बोलले असते तर मामांनी तेवढंच धरलं असतं. गाठ उठली तरी बिमारी, नाही उठली तरी बिमारी, मग कशाची सुई अन कशाची अट, चला बंड्या जुंपा. आणि मला उंद्रीला जायचं होतं. मी भरलेला तांब्या घेऊन पाणी आणायला आत गेले.

आतून मला ऐकू आलं. मामा खाकरून म्हणाले, "अट तुमची होती डाक्टर. हात कोरा एकट्या तुमचा. नाई म्हनायचा हक्कही तुमचाच. बोला, काय म्हनता?"

"मी काय म्हनू?" डॉक्टर म्हणाले. "मले पोरगी पसंत हाय."

सारं अंगण हसलं. मामाही हसले, आणि गूळ मागवला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. डॉक्टरांचा उजवा हात डाव्या हातावर गेला, बाही खाली ओढायला. बाही नव्हतीच. मग त्यांनी तसाच तळहात त्या कोऱ्या जागेवर ठेवला आणि हार गळ्यात घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद. पायरीसमोर, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी चुन्याचं जाड रिंगण काढलं आणि स्वतः आत राहिले. जेवण बाबा रिंगणाबाहेर ठेवायचा. गावानं ठरवलं की निर्मळ माणूस आता साधनेला बसला. बायका रिंगणावर फुलं वाहू लागल्या. आतून ते ओरडायचे, "लांब व्हा बे बह्याडांनो!" आणि बायका म्हणायच्या, काय तेज आहे वाणीत!

आषाढात ते गेले. मामा पुढं मरेपर्यंत चारचौघांत सांगत, "डाक्टरचं शास्त्र सारं खोटं. माझ्या हातावर लिंबाएवढी गाठ, अन मी ठनठनीत. त्याचा हात कोरा, अन तोच क्षयानं गेला!" मी सून म्हणून वाढायला उभी असायची. मामांच्या पानात भाजी जरा जोरानं पडायची, एवढंच.

पण मला सांगायचं ते वैशाखातलं. लग्न लागलं, बंड्या उंद्रीकडं निघाल्या. दवाखान्यापुढं मी बंडी थांबवायला लावली आणि उतरले. डॉक्टर ओसरीच्या भिंतीला टेकून बसले होते. आता उभं राहवत नव्हतं. मी रिंगणाकडं निघाले तसा त्यांनी हात वर केला, तोच डावा.

"बाहीरूनच, पोरी. बाहीरूनच."

"डॉक्टर, दुसरी गोष्ट मले माहीत होती," मी म्हणाले. "मी बोलली नाई."

"बोलली असती तं लाथ घातली असती तुले." त्यांना दम लागला, थांबले. "माझं कुत्रं थकलं. तुझं जागं हाय. दसऱ्याले हात पाहत जाय. अन ज्याच्या घरी चाललीस ना, त्याले सांग, खोकला आला तं तोंडापुढं रुमाल धर म्हना. पहिलवानाले आधी सांग."

मी बाहेरूनच वाकले. जमिनीला कपाळ टेकलं ते चुन्यावर टेकलं. बंडीत येऊन बसले तसे मामा मागच्या बंडीतून ओरडले, "सूनबाई, कपाळ पुसा, चुना लागला!" शेजारी बसलेल्या ह्यांनी रुमाल काढला, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि परत खिशात ठेवला. मी पुसलं नाही. उंद्रीच्या वेशीवर सासूबाई ओवाळायला आल्या, त्यांनी चुना राहू दिला आणि त्याच्याशेजारी कुंकू लावलं.